शून्य दाखवणारा सेन्सर आणि उतरणारा माणूस : महापालिका आयुक्तांना आणि मुख्याधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व महापालिकांचे आयुक्त,
तसेच नगरपरिषदा व नगरपंचायतींचे मुख्याधिकारी

सन्माननीय महोदय, महोदया,

मलनिःसारण विभागाच्या निविदांचा मजकूर गेल्या काही वर्षांत बराच बदलला आहे. जेटिंग-सक्शन गाडी (पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तुंबलेली लाइन मोकळी करणारी आणि गाळ ओढून घेणारी) मागवताना आता जीपीएस मागितला जातो, उपसलेले पाणी गाळून पुन्हा वापरणारी यंत्रणा मागितली जाते, चेंबरच्या आत पाहणारा कॅमेरा आणि गॅस सेन्सर मागितला जातो. काही शहरांनी मॅनहोलमध्ये उतरणारे रोबोट घेतले आहेत. २०२३-२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सर्व शहरांतले सेप्टिक टँक आणि मलवाहिन्या शंभर टक्के यंत्राने साफ करण्याचे, 'मॅनहोल'कडून 'मशीनहोल'कडे जाण्याचे धोरण जाहीर झाले. त्याच वर्षी गटारे आणि सेप्टिक टँक यंत्राने साफ व्हावेत यासाठीची केंद्राची 'नमस्ते' योजना सुरू झाली. हा पैसा योग्य जागी खर्च होतो आहे आणि तो वाढायला हवा, असे मला मनापासून वाटते.

मी औद्योगिक गॅस डिटेक्टरचा तंत्रज्ञ आहे. एमआयडीसीतल्या कारखान्यांत टाकीत माणूस उतरण्याआधी आतली हवा मोजणारी जी हातात मावणारी उपकरणे असतात, ती तपासणे, त्यांचे सेन्सर बदलणे, कॅलिब्रेशन करणे म्हणजे ज्ञात प्रमाणाच्या वायूशी ताडून त्यांचा आकडा बरोबर लावणे, हा माझा व्यवसाय. तीच उपकरणे आता तुमच्या गाड्यांवर बसू लागली आहेत. ती कशी चालतात, कशी बंद पडतात आणि बंद पडल्यावर कशी फसवतात, हे मी रोज पाहतो. म्हणून तुमच्याशी बोलायचे आहे.

कारखान्यात हे काम कसे होते ते आधी सांगतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ३६ ने घालून दिलेला नियम असा की, विषारी वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत, खड्ड्यात किंवा नळात माणसाला उतरवायचे तर आधी सक्षम व्यक्तीने स्वतः चाचणी करून आत धोका नसल्याचे लेखी प्रमाणपत्र द्यायला हवे. नाहीतर उतरणाऱ्याकडे श्वसनाचे उपकरण हवे, कमरेला पट्टा आणि दोर हवा, आणि दोराचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवे. चांगल्या कारखान्यात आत उतरण्याच्या लेखी परवानगीवर, परमिटवर, सही झाल्याशिवाय टाकीचे झाकणही उघडत नाही. ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड या चारही गोष्टींचे आकडे लिहून ठेवतात. ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १९.५ च्या खाली गेला की काम थांबते.

त्याच औद्योगिक वसाहतीच्या फाटकाबाहेर, एखाद्या गृहसंस्थेच्या सेप्टिक टँकवर मात्र दोन माणसे, एक बादली आणि एक दोर एवढ्यावर काम चालते. हवा तपासली जात नाही. कोणी तपासलीच, तर पेटती काडी आत टाकून. मिथेनचे हवेतले प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असले तर त्या काडीनेच स्फोट होतो.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गेले. एप्रिल २०२४ मध्ये विरारला खासगी सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार गेले. मार्च २०२५ मध्ये मुंबईत नागपाड्याला बांधकाम चालू असलेल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीत चार गेले. ती टाकी पाण्याची होती, मैल्याची नव्हती, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. बंद जागेतली हवा वाईट असायला आत मैला असावाच लागतो असे नाही.

या तिन्ही जागा खासगी होत्या. तिथे तुमचा कर्मचारी नव्हता, तुमची गाडी नव्हती. केंद्र सरकारने २०२२ आणि २०२३ मधल्या ५४ मृत्यूंचे सामाजिक लेखापरीक्षण करून घेतले आणि २०२५ मध्ये त्याचे निष्कर्ष संसदेपुढे आले. ५४ पैकी ४९ जणांच्या अंगावर कोणतेही संरक्षक साहित्य नव्हते. आणि ३८ जणांना कुणीतरी वैयक्तिकरीत्या कामाला बोलावले होते. म्हणजे ना महापालिका, ना नोंदणीकृत कंत्राटदार. वॉचमनने सांगितले, ओळखीतल्या मुकादमाने नंबर दिला, रोख पैशांवर ठरले.

तुमचा रोबोट मुख्य रस्त्यावरच्या मॅनहोलवर उभा असतो आणि माणूस मरतो तो आतल्या गल्लीतल्या सेप्टिक टँकमध्ये. माझे सगळे म्हणणे या अंतराबद्दल आहे. यंत्र किती हुशार आहे हे त्याच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. ज्या झाकणाखाली आज माणूस उतरणार आहे त्या झाकणापर्यंत ते पोहोचते का, आणि पोहोचल्यावर त्याचा सेन्सर खरे सांगतो का, एवढेच तपासा.

सेन्सरचे आधी सांगतो, कारण ते मला सर्वांत जवळून माहीत आहे आणि त्यावर सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास असतो, हे चेंबरवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यामुळे वास येत नाही तोवर धोका नाही, असा समज पक्का झालेला आहे. प्रत्यक्षात हा वायू शंभर पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास गेला की वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास थांबतो आणि माणसाला वाटते हवा मोकळी झाली. सातशे-हजार पीपीएमला एक-दोन श्वासांत शुद्ध जाते, शिडीवरची पकड सुटते. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. मिथेन हलका, तो वर जमतो. झाकणाशी धरलेला डिटेक्टर तळाची हवा सांगू शकत नाही. वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर नळी सोडून मोजावे लागते. आणि एकदा मोजून भागत नाही. गाळाच्या थरात हा वायू अडकलेला असतो. वरून आकडा ठीक येतो, माणूस उतरतो, फावडे मारतो, थर फुटतो आणि त्या क्षणी वायू सुटतो. म्हणून मोजणी काम संपेपर्यंत अखंड चालू राहिली पाहिजे. यंत्रावर कायम बसवलेल्या सेन्सरची खरी किंमत इथे आहे, कारण हातातला डिटेक्टर बहुतेक ठिकाणी एकदा दाखवून खिशात जातो.

आता त्या सेन्सरची मर्यादा. हायड्रोजन सल्फाइडचा सेन्सर विद्युत-रासायनिक असतो. त्याचे आयुष्य साधारण दोन-तीन वर्षे. मैल्याच्या दमट हवेत, उन्हात उभ्या गाडीवर ते आणखी घटते. हा सेन्सर मेला की उपकरण बंद पडतेच असे नाही. पडद्यावर शून्य दिसत राहते. स्वच्छ हवेतही शून्य आणि मेलेल्या सेन्सरवरही शून्य. फरक ओळखायचा एकच मार्ग आहे : कामाला निघण्यापूर्वी ज्ञात प्रमाणाचा वायू त्यावर सोडून आकडा हलतो का ते पाहणे. आम्ही त्याला बंप टेस्ट म्हणतो. मिनिटभराचे काम, त्यासाठी एक छोटा सिलिंडर लागतो. त्याशिवाय साधारण सहा महिन्यांनी पूर्ण कॅलिब्रेशन.

एका महापालिकेच्या यार्डात मी अशी गाडी पाहिली की जिच्या सेन्सरवरच्या स्टिकरवरची कॅलिब्रेशनची मुदत कधीच उलटून गेली होती. पडदा चालू होता, शून्य दाखवत होता, आणि चालवणाऱ्या मुलांचा त्या शून्यावर पूर्ण विश्वास होता. त्यांना बंप टेस्ट हा शब्दच कोणी सांगितला नव्हता. यार्डात सिलिंडर नव्हता. त्या मुलांचा यात काही दोष नाही. निविदेत गाडी होती, सेन्सर होता, पण सेन्सर जिवंत ठेवण्याचे काम कोणाच्याच नावावर नव्हते.

तेव्हा माझी पहिली मागणी. खरेदीच्या निविदेत पाच वर्षांची देखभाल वेगळ्या रकमेची, वेगळ्या अटींची ठेवा. बदलीचे सेन्सर, कॅलिब्रेशनचा वायू, होज, नोझल, कॅमेऱ्याची काच यांचे दर आधीच ठरवून घ्या. गाडी किंवा रोबोट ज्या दिवशी बंद, त्या दिवसाचे देखभालीचे पैसे कापा. यार्डात उभ्या राहिलेल्या महागड्या यंत्रापेक्षा रोज चालणारे मध्यम यंत्र शंभर पटींनी बरे.

दुसरी मागणी अधिक महत्त्वाची आहे. जिथे काम कंत्राटावर आहे, तिथे प्रत्येक चेंबरमागे वेळ, ठिकाण आणि चारही वायूंचे आकडे थेट यंत्रातून तुमच्या प्रणालीत यावेत, आणि तो आकडा नसेल तर त्या चेंबरचे बिल निघू नये. कंत्राटदाराला परिपत्रक वाचायला वेळ नसतो. बिल मात्र तो बारकाईने वाचतो. जीपीएस गाडीवर आहेच, सेन्सर आहेच. दोघांची नोंद एकत्र करून लेखा विभागाकडे पाठवायला नवी यंत्रसामग्री लागत नाही. आणि या नोंदी वॉर्डनिहाय संकेतस्थळावर खुल्या ठेवा.

हे सांगताना नागपूरची आठवण होते. काही वर्षांपूर्वी नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंडीगडमध्येही तेच झाले आणि तिथल्या कामगारांनी त्याला विरोध केला. माणूस हद्दीत किती वाजता आला, किती वेळ थांबला, कुठे बसला, याची नोंद व्हायला लागली आणि त्यावरून पगार कापण्याची भीती आली. कामगारांचा संताप मला पूर्ण रास्त वाटतो. सफाईच्या कामात 'स्मार्ट' म्हणून जे पहिले उपकरण त्यांच्या अंगाला लागले, त्याने त्यांच्यावर पाळत ठेवली. त्यांच्या पायाखालच्या चेंबरमधली हवा त्याने मोजली नाही. तीच जीपीएस चिप, तेच सिमकार्ड, तोच सर्व्हर गॅसच्या आकड्यासाठी वापरता येतो. नोंद कामाची घ्या, धोक्याची घ्या. माणसाच्या पावलांची नोंद घेऊ नका.

आता अंतराचा प्रश्न, सेप्टिक टँकचा.

रोबोट आणि जेटिंग गाडी यांची कामे वेगळी आहेत. रोबोट चेंबरच्या तळाशी साचलेला गाळ, खडी, चिंध्या उचलून वर आणतो. दोन चेंबरमधली लाइन त्याला मोकळी करता येत नाही. ती जेटिंगने होते. आणि सेप्टिक टँकला या दोन्हींपेक्षा वेगळेच काही लागते, कारण तिथे आत आडव्या भिंती असतात, तोंड अरुंद असते आणि वर्षानुवर्षे न उपसल्याने तळाचा गाळ घट्ट झालेला असतो. सक्शनचा पाइप वरचे पाणी ओढतो आणि थांबतो. उरलेला थर फोडायला मग माणूस उतरतो. माणूस उतरण्याचे बहुतेक वेळा कारण एवढेच असते. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. प्रभू राजगोपाल यांच्या गटाने बनवलेला 'होमोसेप' हा रोबोट नेमका याच कामासाठी आहे : अरुंद तोंडातून मिटलेली पाती आत जातात, आत उघडतात, फिरून गाळ पातळ करतात आणि मग तो पंपाने वर येतो. प्रत्येक नगरपरिषदेला असे यंत्र परवडणार नाही, हे मला कळते. जिल्ह्यातल्या चार-पाच नगरपरिषदांनी मिळून एक घ्यावे, आणि आसपासच्या गावांनाही ते भाड्याने मिळावे. सोनपेठसारख्या ठिकाणी यंत्र पोहोचायचे तर दुसरा मार्ग मला दिसत नाही.

पण त्याहूनही स्वस्त उपाय आपल्याच राज्यात झालेला आहे. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये आणि त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरने सेप्टिक टँक वेळापत्रकानुसार उपसायला सुरुवात केली. टँक भरून वाहू लागेपर्यंत वाट पाहायची नाही. साधारण तीन वर्षांत शहरातल्या प्रत्येक घराची पाळी येते, गाडी दारात येते, उपसून प्रक्रिया केंद्रावर नेते. पैसे करातून वसूल होतात, त्यामुळे त्या दिवशी कोणाला खिशात हात घालावा लागत नाही. तीन वर्षांत उपसलेला टँक दगडासारखा होत नाही. साध्या सक्शन गाडीने रिकामा होतो आणि कोणालाही आत उतरावे लागत नाही. तुमच्याकडे मालमत्ता कराची यादी आहे, घरांचे नकाशे आहेत. कोणता टँक कधी उपसला याची नोंद त्याच यादीला जोडली की वेळापत्रक आपोआप तयार होते. एवढी साधी माहिती हाताशी असणे हे कोणत्याही रोबोटपेक्षा जास्त जीव वाचवेल, असे मला वाटते. वाई छोटे शहर आहे हे खरे. पण मोठ्या शहरांच्या हद्दीत आलेल्या गावांची आणि मलवाहिनी न पोहोचलेल्या उपनगरांची अवस्था वाईपेक्षा फार वेगळी नाही.

वेळापत्रक लागू होईपर्यंत निदान एक फोन चालायला हवा. आपत्कालीन प्रतिसाद स्वच्छता पथकासाठी १४४२० हा क्रमांक आहे. किती गृहसंस्थांच्या सचिवांना तो माहीत आहे? प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर, प्रत्येक मालमत्ता कराच्या बिलावर तो छापा. सोबत गाडीचा दर छापा, आणि किती तासांत गाडी येईल तेही. चोकअप रात्री होतो, रविवारी होतो, लग्नाच्या दिवशी होतो. चार दिवस गाडी येत नसेल तर सचिव पुन्हा त्या मुकादमालाच फोन लावणार. बिलावरच एक ओळ अशीही असू द्या की, हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार माणसाला धोकादायक रीतीने सेप्टिक टँकमध्ये उतरवणे गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा नियम फक्त महापालिकेला लागू आहे असे अनेक सुशिक्षित लोक समजतात. त्याच कायद्याचे कलम ३३ सफाईसाठी योग्य यंत्रसामग्री वापरण्याचे कर्तव्य तुमच्यावर टाकते. २० ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणसाकरवी होणारी गटारसफाई थांबवण्याचा आदेशही दिला.

शेवटची मागणी ज्यांनी आजवर चेंबरमध्ये उतरून काम केले त्यांच्यासाठी. यंत्र आले की सर्वांत आधी त्यांचे काम जाते. गाडीवर ड्रायव्हरचे लायसन्स असलेला नवा माणूस येतो, रोबोटवर आयटीआय झालेला मुलगा येतो, आणि वीस वर्षे चेंबर ओळखणारा माणूस कंत्राटातून गळतो. मग तोच माणूस खासगी सेप्टिक टँकवर जातो, कारण पोट आहे. म्हणजे तुमच्या यंत्राने त्याला धोक्यातून बाहेर काढायच्या ऐवजी अधिक धोक्याच्या जागी ढकलले. हे टाळता येते. तिरुवनंतपुरममध्ये २०१८ साली 'बँडिकूट' रोबोट कामाला लागला, तेव्हा तो चालवायला मॅनहोलमध्ये काम केलेल्या कामगारांनाच शिकवले गेले. बनवणाऱ्या तरुण अभियंत्यांनी त्याचे बटण-पडदे त्यांना वापरता येतील असे ठेवले होते. २०१५ मध्ये कोझिकोडला दोन कामगार आणि त्यांना वाचवायला धावलेला एक रिक्षाचालक मॅनहोलमध्ये मरण पावले, तिथून त्या अभियंत्यांच्या कामाची प्रेरणा आली. दिल्लीत २०१९ मध्ये अरुंद गल्ल्यांत जाऊ शकणाऱ्या २०० लहान सफाई गाड्या रस्त्यावर आल्या. बँकेचे कर्ज आणि कामाची हमी यांच्या आधाराने त्या गाड्यांचे मालक दलित समाजातले लोक झाले, त्यांत सफाई कामगारांची कुटुंबे होती. यामागे उभी राहिलेली 'डिक्की' ही दलित उद्योजकांची संस्था आपल्या पुण्याची. गोवंडी-मानखुर्दच्या गल्लीत मोठी गाडी वळत नाही. तिथे अशा लहान गाड्या, त्याच वस्तीतल्या कामगारांच्या मालकीच्या, चालायला काय हरकत आहे? निविदेतली किमान उलाढालीची अट आणि अनुभवाची अट त्यांच्यासाठी शिथिल करणे तुमच्या अधिकारात आहे.

आणि या माणसांना यंत्र घेण्याआधी यार्डात बोलवा. प्रात्यक्षिक अधिकाऱ्यांसमोर नव्या, कोरड्या चेंबरवर होते. ते तुंबलेल्या, फुटक्या झाकणाच्या, निम्मे बुजलेल्या चेंबरवर, त्यांच्यासमोर होऊ द्या. कोणते नोझल कुठे अडकेल, कोणत्या गल्लीत होज पुरणार नाही, हे ते पाच मिनिटांत सांगतील.

माझ्याकडून जे होईल ते मी करायला तयार आहे. कोणत्याही महापालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या यार्डात येऊन, गाड्या चालवणाऱ्यांना बंप टेस्ट कशी करायची, मेलेला सेन्सर कसा ओळखायचा, तीन पातळ्यांवर हवा कशी मोजायची, हे मी विनामोबदला शिकवेन. कॅलिब्रेशनच्या नोंदवहीचा मराठी नमुना मी तयार केला आहे, मागितल्यास देईन. तुमच्या पुढच्या निविदेचा मसुदा निघण्याआधी, आज यार्डात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवरच्या सेन्सरची कॅलिब्रेशनची तारीख कोणाला तरी पाहून यायला सांगा, ही विनंती.

आपला,
एक गॅस डिटेक्टर तंत्रज्ञ